साथीचा डाव आणि साथीचे दप्तर

खेळांच्या द्वारे किशोरवयीन मुलामुलींना सार्वजनिक आरोग्याचे ज्ञान करून द्यावे आणि त्याच ओघात विज्ञानाश्रित व्यवसायांकडे त्यांची मने वळवावीत, हा विचार आता नवा राहिलेला नाही. अमेरिकेत या कामासाठी सरकारी खजिन्यातून रकमा मंजूर होऊ लागल्यालाही पुष्कळ वर्षे लोटली; ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात संसर्गजन्य रोगांच्या रहस्यांवर रचलेली 'मेडमिस्ट' ही मालिका, किंवा अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३ साली प्रसिद्ध केलेला 'सॉल्व्ह द आउटब्रेक' हा खेळ, ही त्या विचाराची प्रसिद्ध अपत्ये होत. या मताच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे संक्षेपाने असे, की पाठ्यपुस्तकासमोर जांभया देणारे मूल पडद्यावरील कोड्यासमोर मात्र तासन्तास तल्लीन होते. सबब त्याला घटकाभर साथरोगतज्ज्ञाची भूमिका द्यावी, म्हणजे रोगाचे ज्ञान त्याला नकळत होईल, आणि 'हे काम मलाही जमेल' असा विश्वास उत्पन्न होऊन पुढे त्या व्यवसायात शिरण्याची इच्छाही त्याच्या ठिकाणी रुजेल.

या मताचा प्रतिवाद करावयास मी निघालो आहे तो खेळ ही वस्तू मला हलकी वाटते म्हणून नव्हे. खेळाने मुले बिघडतात असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांची बाजू घेण्याचा माझा इरादा नाही, आणि ज्या महाराष्ट्रात मोक्षपटाचे कर्तृत्व परंपरा खुद्द ज्ञानेश्वरांकडे देते तेथे ती बाजू घेणे शोभणारही नाही. परंतु त्या मोक्षपटाचीच हकीगत या वादात फार उद्बोधक आहे. घराघरांवर सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे लिहिलेली, सद्गुणापाशी शिडी, दुर्गुणापाशी सर्प, अशी ती योजना. पण कोणत्या घरात जाऊन पडावे हे खेळणाऱ्याच्या शीलावर अवलंबून नसून सर्वस्वी हातातून पडणाऱ्या दानावर अवलंबून असे. परिणामी मुलांच्या ध्यानात साप राहिला आणि दुर्गुण विसरला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेल्यावर तेथील प्रकाशकांनी आधी आपले ख्रिस्ती सद्गुण त्याच्यावर चिकटवले, पुढे तेही गळून पडले, आणि उरली ती केवळ आकड्यांची घरे. तरीसुद्धा खेळाचे म्हणून काहीएक बिघडले नाही. खेळ शिकवतो ते आपल्या नियमांनी, त्याच्यावर लिहिलेल्या अक्षरांनी नव्हे, याचा याहून स्वच्छ दाखला मला ठाऊक नाही. (मोक्षपटाच्या नियमांनी जे शिकवले ते प्रारब्ध, सदाचरणाचा उपदेश वर लिहिलेला होता एवढेच.)

हीच कसोटी अटलांटाच्या खेळाला लावून पाहू. ज्या खात्याची ओळख मुलांना व्हावी म्हणून तो रचला गेला, ते 'एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस' नावाचे खाते १९५१ साली, कोरियात युद्ध चालू असताना आणि शत्रू रोगजंतूंचाच शस्त्रासारखा उपयोग करील ही धास्ती वॉशिंग्टनच्या दरबारी पसरली असताना, अलेक्झांडर लँगम्यूर या चाणाक्ष वैद्याने त्या धास्तीचाच लाभ उठवून उभे केले. कार्यालयात बसून आलेले तक्ते चाळणाऱ्यांचे नव्हे, तर रोगाच्या जागी पायी जाऊन चौकशी करणाऱ्यांचे हे खाते आहे, याचा त्यांना इतका अभिमान की त्यांच्या मुद्रेवर पृथ्वीच्या गोलासमोर एका जोड्याचा तळवा रेखलेला आहे, आणि त्या तळव्याला झिजून भोक पडलेले आहे. आता त्यांनीच प्रसिद्ध केलेला खेळ पाहा. मूल आसनावरून हलत नाही. सुगावे एकामागून एक त्याच्या समोर येतात, तयार निर्णयांतून एक निवडावयाचा, निवड योग्य असेल तर गुण मिळतात, गुण साचले की पदवी वाढते, आणि चुकल्यास डाव पुन्हा मांडता येतो. नावे, नकाशे आणि चित्रे बाजूला काढली तर खाली उरते ती बहुपर्यायी प्रश्नपत्रिका. जिला कंटाळून मूल इकडे आले, तीच येथे वेष पालटून त्याची वाट पाहत बसलेली असते.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, की वेष पालटला म्हणून काय झाले, ज्ञान तर पोचले ना? पोचते, हे मला मान्य आहे. हिवताप डासांमुळे होतो आणि जीवाणूंवरील औषध विषाणूंवर चालत नाही, एवढी माहिती अशा खेळाने निश्चित पोचते, जशी ती भिंतीवरच्या तक्त्यानेही पोचते. परंतु पुरस्कर्त्यांचा दावा माहितीपुरता नाही. साथरोगतज्ज्ञ विचार कसा करतो हे मुलाला कळते, असा त्यांचा दावा आहे. आणि तो विचार तर या रचनेत आरंभीच नाहीसा केलेला असतो. येथे एकही दार तोंडावर बंद होत नाही, एकही रुग्ण खोटे बोलत नाही, एकही नमुना वाटेत नासत नाही, आणि समोर आलेला प्रत्येक सुगावा कामाचाच असतो. लग्नाच्या पंगतीत वाढलेल्या पानावर बसून स्वयंपाक शिकल्याचे समाधान मानावे, तशातला हा प्रकार आहे. कोणती वस्तुस्थिती पुरावा म्हणून उचलावी आणि कोणती सोडावी याचा निवाडा रचनाकाराने मुलाच्या वतीने अगोदरच करून टाकलेला असतो, आणि या शास्त्रातील बुद्धीचा खरा व्यय तर त्या निवाड्यातच होतो.

या पंथाचे आराध्यदैवत म्हणजे लंडनचा जॉन स्नो. १८५४ सालची पटकीची साथ, ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप, मृत्यूंच्या खुणा केलेला नकाशा, आणि ८ सप्टेंबरला काढून घेतलेला पंपाचा दांडा: ही कथा खेळाच्या साच्यात जणू ओतूनच काढल्यासारखी बसते, कारण तिच्यात एक कोडे आहे, एक चतुर पुरुष आहे आणि शेवटी हाताने करावयाची एक कृती आहे. मात्र दांडा काढला गेला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, वस्तीतील बहुसंख्य लोक पळून गेले होते, आणि त्या कृतीने किती जीव वाचले हे सांगता येत नाही, अशी कबुली स्वतः स्नोने देऊन ठेवली आहे. हा जो प्रामाणिकपणा, तो खेळात कोठे दाखवावयाचा? विजयाची तुतारी वाजवावयाच्या क्षणी 'कदाचित आपण काहीच केले नसेल' असे पडद्यावर लिहून येणे कोणत्या रचनाकाराला परवडेल? शिवाय त्या वस्तीत पुन्हा पुन्हा घरोघर जाऊन पहिली रुग्ण असलेल्या तान्ह्या मुलीचा पत्ता लावला तो हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकाने, जो मुळात स्नोचे मत खोडून काढण्याच्या हेतूने चौकशीला निघाला होता. विरोधकाने केलेल्या कष्टांतून मताला बळकटी यावी, हे विज्ञानातले सर्वांत सुंदर प्रकरण होय, आणि खेळांतून वगळले जाते ते नेमके हेच.

परंतु स्नोचे खरे मोठे काम ब्रॉड स्ट्रीटवर झालेच नाही. ते थेम्सच्या दक्षिणेला झाले. तेथे एकाच आळीत, शेजारशेजारच्या घरांना, दोन निरनिराळ्या कंपन्यांचे पाणी येत असे: लॅम्बेथ कंपनी आपले पाणी शहराच्या वरच्या अंगाला उचलत होती, तर साउथवर्क आणि व्हॉक्सहॉल कंपनी गटारांच्या मुखाशेजारीच. ज्या घरात मृत्यू झाला त्या घराला पाणी कोणाचे, हे पुष्कळ भाडेकरूंना ठाऊकच नसे, कारण पाणीपट्टी घरमालक भरत असे. तेव्हा स्नो घरोघर जाऊन शिशीत पाणी भरून घेई आणि त्यातील मिठाची रासायनिक परीक्षा करून कंपनी ओळखी, कारण खालच्या अंगाच्या पाण्यात मीठ चाळीस पटींच्या आसपास अधिक निघे. इतके करूनही त्याच्या हाती होती ती केवळ मृतांची संख्या. साउथवर्क कंपनीच्या पाण्यावर १,२६३ मेले आणि लॅम्बेथच्या पाण्यावर ९८, एवढ्याने काही सिद्ध होत नाही, जोपर्यंत पहिल्या कंपनीची घरे ४०,०४६ आणि दुसरीची २६,१०७ हे कोणी सांगत नाही. त्या आकड्यांनी भागले, म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७ असे प्रमाण निघते, आणि प्रतिपक्षाची बोलती बंद होते. हे भाजक आले कोठून? सरकारी दप्तरातून, कोणा निनावी कारकुनाने भरलेल्या कोष्टकातून. सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र रुग्णांच्या मोजणीने सुरू होत नाही. ते निरोग्यांच्या खानेसुमारीने सुरू होते, आणि आजारी पडलेलाच नाही अशा माणसाला आजवर कोणत्या शैक्षणिक खेळाने पडद्यावर मोजावयास लावले आहे?

मुलांनी आवडीने खेळावा असा उत्तम खेळ म्हणून मॅट लीकॉक याच्या 'पँडेमिक' या पटखेळाचे नाव घेतले जाते, आणि रास्तपणे घेतले जाते. २००८ सालच्या या खेळात खेळाडू एकमेकांविरुद्ध लढत नाहीत. जिंकतात तर सारे, हरतात तर सारे, आणि सहकार्यावाचून साथ आवरत नाही हा धडा त्याच्या नियमांतच गोवलेला असल्यामुळे तो वेगळा शिकवावा लागत नाही. माझे भांडण त्याच्या शेवटाशी आहे. चारही रोगांवर उपाय सापडला, की डाव जिंकला. पटावर ठिकठिकाणी रोगाचे ठोकळे तसेच पडून असले तरी चालते, पट गुंडाळावा आणि पेटीत ठेवावा. देवीवरचा उपाय एडवर्ड जेन्नरने १७९६ साली शोधला आणि देवीचे निर्मूलन झाल्याची घोषणा झाली १९८० साली; मधली १८४ वर्षे या खेळाच्या हिशेबाने डाव संपल्यानंतरची आहेत. त्या काळात उष्ण हवेत टिकेल अशी कोरडी लस तयार करावी लागली, अर्धशिक्षित माणसालाही वापरता येईल अशी दोन टोकांची सुई शोधावी लागली, आणि भारतात तर शेवटच्या दोन वर्षांत हजारो शोधकर्मचाऱ्यांना रोगी मुलाचे चित्र असलेले ओळखपत्रक हातात घेऊन दारोदार 'असे कोणी पाहिले आहे का' म्हणून विचारीत फिरावे लागले, आणि खबर देणाऱ्याचे बक्षीस वाढवीत वाढवीत १,००० रुपयांपर्यंत न्यावे लागले. ज्या घरांतून 'कोणी नाही' एवढेच उत्तर आले त्या घरांची नोंदही तितक्याच काटेकोरपणे ठेवावी लागली. देवी गेली ती त्या रकान्यांनी.

आता व्यवसायांचा प्रश्न. खेळातील भूमिका पाहून मुलाला भावी आयुष्याची कल्पना येते असे म्हणतात. 'पँडेमिक'मध्ये मूळच्या पाच भूमिका होत्या: शास्त्रज्ञ, संशोधक, वैद्य, वाहतुकीचे नियोजन करणारा आणि तळ उभारणारा. परिचारिका नाही, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ नाही, आकडेशास्त्री नाही, घरभेटी देणारी बाई तर नाहीच नाही. ही उणीव केवळ एका पटाची नाही. गुप्तहेर आणि शास्त्रज्ञ या दोन मूर्तींपलीकडे या पंथाची दृष्टी सहसा जात नाही. आणि वस्तुस्थिती काय आहे? १९७० साली जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने काम आरंभिले तेव्हा त्यांनी आरोग्याचा भार टाकला तो गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, बायांवर. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी नवजात अर्भकांचे मृत्यू कमी करून दाखवले तेही गावातल्या आरोग्यदूतांच्या हातांनी. २००५ नंतर देशभर नेमल्या गेलेल्या आशा कार्यकर्त्या आज लसीकरणापासून क्षयाच्या गोळ्यांपर्यंत सर्व काही पाहतात, आणि सरकारच्या लेखी त्या कर्मचारी नसून मोबदल्यावर काम करणाऱ्या स्वयंसेविका आहेत. सार्वजनिक आरोग्याचा व्यवसाय मुलांना खरोखरच दाखवावयाचा असेल तर हेही दाखवले पाहिजे, की येथील सर्वांत अवघड काम करणाऱ्यांना पगारपत्रकच नाही. पण मग मुले या व्यवसायाकडे वळणार कशी, असे कोणी विचारील. आणि हा प्रश्न मनात उभा राहतो म्हणूनच अशा खेळांना मी शिक्षण न म्हणता भरतीची जाहिरात म्हणतो.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा मात्र मी दडवून ठेवणार नाही. 'री-मिशन' नावाचा एक खेळ कर्करोग झालेल्या तरुणांसाठी रचला गेला, आणि त्याची परीक्षा अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील ३४ रुग्णालयांत, १३ ते २९ वर्षे वयाच्या ३७५ रुग्णांवर घेण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार, केवळ करमणुकीचा खेळ मिळालेल्या रुग्णांच्या तुलनेत हा खेळ मिळालेल्या रुग्णांनी आपली औषधे अधिक नियमितपणे घेतली. हे यश खरे आहे, आणि ते खरे का वाटते हे पाहण्यासारखे आहे. संशोधकांनी रुग्णांना 'तुम्ही गोळ्या घेता का' एवढेच विचारून समाधान मानले नाही. बाटलीचे झाकण केव्हा उघडले गेले याची नोंद आपोआप ठेवणारी यंत्रे बसवली आणि रक्तातील औषधाचे प्रमाण तपासले. तुलनेसाठी दुसरा गट होता, त्यालाही खेळ दिलेला होता, आणि मोजली गेली ती गोष्ट म्हणजे खेळाबाहेरचे वर्तन. व्यवसायाची गोडी लावणाऱ्या खेळांच्या पुराव्याचा शिरस्ता निराळा: खेळापूर्वी एक प्रश्नावली, खेळ संपताक्षणी दुसरी, आणि 'मला शास्त्रज्ञ व्हायला आवडेल' या वाक्यापुढची खूण थोडी वर सरकली की उद्दिष्ट साध्य झाल्याचा अहवाल. तेरा वर्षांच्या मुलाने रंजनाच्या भरात केलेली ती खूण आणि पुढे दहावी-बारावीचे गुण, महाविद्यालयाची फी, घरची परिस्थिती व रिक्त पदांची जाहिरात यांच्या कात्रीतून निघणारा त्याचा निर्णय, यांच्यामध्ये जे अंतर आहे ते त्या अहवालांत कोणी चालून गेलेले नसते. गोळीची परीक्षा ज्यांनी रक्तात पाहिली, त्यांच्या नावावर या खुणांची हुंडी वटवणे बरे नव्हे.

नियमच शिकवतात या माझ्या म्हणण्याला उलट दिशेनेही आधार आहे. 'प्लेग इंक' हा २०१२ सालचा खेळ कोणत्याही शिक्षणखात्याने मंजूर केला नसता, कारण त्यात खेळणारा स्वतःच रोगजंतू होतो आणि मनुष्यजातीचा संहार हेच त्याचे ध्येय असते. पण फार लवकर जीवघेणा झालेला रोग पसरण्याआधीच उघडकीस येतो आणि लक्षणांवाचून पसरणारा रोग जग गाठतो, हे त्यात हरल्यावाचून कळत नाही आणि कळल्यावर विसरत नाही. २०२० च्या आरंभी लोक त्याच खेळात खऱ्या साथीचे भविष्य शोधू लागले, तेव्हा हा खेळ आहे, शास्त्रीय प्रतिमान नव्हे, असे कर्त्यांनीच जाहीर केले. ही मर्यादा ओळखण्याची सचोटी मला उपदेशक खेळांच्या प्रस्तावनांत क्वचितच आढळते. त्याहून विलक्षण प्रकरण सप्टेंबर २००५ चे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात एका राक्षसाच्या शापाने जडणारा रक्तरोग रचनेतील चुकीमुळे त्याच्या गुहेबाहेर निसटला आणि पाळीव प्राण्यांच्या द्वारे भरवस्तीच्या नगरांत पोचला. कोणी पळाले, कोणी परोपकारबुद्धीने उपचार करीत राहून रोग्यांचे, आणि म्हणून रोगाचेही, आयुष्य वाढवले, कोणी केवळ पाहावयास म्हणून आत शिरले, तर कोणी हेतुपुरस्सर तो पसरवीत फिरले. २००७ साली लोफग्रेन आणि फेफरमन यांनी वैद्यकीय नियतकालिकात या प्रकाराची दखल घेतली. शिकवण्याचा संकल्प कोणाचाच नव्हता. माणसे होती, त्यांचे स्वातंत्र्य होते, आणि त्या स्वातंत्र्याचा परिणाम नियमांनी दुसऱ्यांवर होत होता.

शाळेत प्रयोगशाळा नाही तेथे निदान खेळ तरी पोचेल, हा युक्तिवाद मला फारसा विचारार्ह वाटत नाही. ज्या गावात पडदा पोचतो त्या गावात पुष्कळदा नळाचे पाणीही पोचलेले असते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक त्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनयुक्त विरंजक चूर्ण, टाकून क्लोरीन उरले की नाही हे पाहणारी ओटीची (ऑर्थोटोलिडिनची) चाचणी कशी घेतो, थेंब पडल्यावर नमुना पिवळा कसा होतो, आणि तो पिवळा न झाल्यास ग्रामपंचायतीत कोणाकडे तक्रार न्यावयाची, हे आठवीच्या मुलांना एका सकाळी दाखवता येते. त्याला खर्च जवळजवळ नाही, आणि म्हणूनच कदाचित त्याचा पुरस्कार करणाराही कोणी नाही.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो ऐकूनच पुष्कळ रचनाकार माघार घेतात: नोंदवह्या, भाजक, बंद दारे आणि न मिळालेली मंजुरी यांचा खेळ केला तर तो खेळील कोण? याचे उत्तर, अटलांटाचा खेळ निघाला त्याच २०१३ साली, मिळालेले आहे. लुकास पोप नावाच्या रचनाकाराने 'पेपर्स, प्लीज' हा खेळ केला, त्यात खेळणारा एका काल्पनिक राष्ट्राच्या सीमेवरचा कारकून असतो. दिवसभर त्याने एकच काम करावयाचे: पुढे आलेल्या माणसाचे दाखले, तारखा आणि शिक्के ताडून पाहावयाचे, आणि रोज बदलणाऱ्या हुकमांप्रमाणे त्याला आत सोडावयाचे किंवा परत पाठवावयाचे. चुका झाल्या की दंड पगारातून कापला जातो, आणि संध्याकाळी घरभाडे वजा जाता उरलेल्या रकमेत अन्न आणि शेकोटी यांपैकी काय भागवावयाचे हे त्यानेच ठरवावयाचे, नाहीतर घरची माणसे आजारी पडतात. या खेळाला ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. तेव्हा मुलांना दप्तर आवडत नाही ही सबब टिकण्यासारखी नाही. साथीच्या खेळात घरभेटीला गेलेल्या बाईला दारातून परत पाठवण्याचा एक नियम, 'कोणी आजारी नाही' हे उत्तरही मोजण्याचा दुसरा, आणि तिचा मोबदला चार महिने थकल्याचा तिसरा, एवढे तीन नियम घालण्यास रचनाकारांना कोणी अडवले होते?